‘ले’ नेमका कुठल्या काळातला?

प्रश्न : एका इंग्लिश गोष्टीत वाक्य होतं, ‘द लेटर ले ऑन द टेबल.’ मला आधी प्रिंटिंग मिस्टेक वाटली, कारण ले म्हणजे ठेवणे आणि त्याचा भूतकाळ लेड असं आम्ही शाळेत घोकलंय. बरं वर्तमानकाळ धरावा तर पुढचा एस कुठे गेला? आणि पत्र टेबलावर काय ठेवणार, कपाळ? समजावून सांगाल का?

उत्तर : मिस्टेक नाहीये, वाक्य अगदी बरोबर आहे आणि एस कुठे गेला हे विचारलंत ना, तिथेच अर्धं उत्तर आलं. लेटर एकवचनी, वर्तमानकाळ असता तर ‘लेज’ लागलंच असतं. ते नाही म्हणजे हा भूतकाळ. फक्त तुम्ही समजताय त्या क्रियापदाचा नाही, ‘लाय’चा. लाय म्हणजे पडून असणं, आडवं होणं, त्याची रूपं लाय, ले, लेन. ठेवणे वाला तो ले वेगळा, त्याची रूपं ले, लेड, लेड. म्हणजे एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ, स्पेलिंगसुद्धा सेम, एल-ए-वाय, मग गोंधळ नाही होणार तर काय. तुमचं वाक्य म्हणजे ‘पत्र टेबलावर पडलं होतं’, बस.

खरं तर मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, कारण आपल्याकडे पडणे-पाडणे आहेच, आतला स्वर बदलला की आपोआप होणाऱ्या गोष्टीची कुणीतरी मुद्दाम केलेली गोष्ट होते. जुन्या इंग्लिशमध्येही अशा जोड्या होत्या, लाय-ले त्यातलीच, सिट-सेट पण. आणि गंमत बघा, पडणे-पाडणेची इंग्लिश जोडी फॉल-फेल, तिच्यातही डिट्टो हाच घोळ आहे. झाड पडलं म्हणजे ‘द ट्री फेल’, पण झाड पाडलं म्हणजे ‘दे फेल्ड द ट्री’. इथे फॉलचा भूतकाळ फेल आणि पाडणे या अर्थाचं मूळ क्रियापदही फेलच! हे वाक्य लक्षात ठेवलंत तर ले-लेड वेगळं पाठ करावं लागणार नाही.

वापरताना स्वतःला एवढंच विचारा, काय ठेवलं, कुणाला ठेवलं? उत्तर मिळालं तर लेड : ‘शी लेड द बेबी ऑन द बेड’, बाळाला ठेवलं. उत्तरच नसेल तर ले : ‘शी ले डाऊन’, ती स्वतःच आडवी झाली. आणि डिड आला की मूळ रूप परत येतं हे विसरू नका, ‘शी डिड नॉट ले डाऊन’ नाही, ‘शी डिड नॉट लाय डाऊन’. मला विचाराल तर सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

लेन फार डोक्यावर घेऊ नका, बोलताना लोक ‘हॅज बीन लाइंग’ म्हणून मोकळे होतात. आणि ज्यांची मातृभाषाच इंग्लिश आहे तेसुद्धा सर्रास ‘आय लेड डाऊन’ म्हणतात, सिनेमात ऐकू आलं तर दचकू नका. पण पेपरात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये लिहू नका, तिथे चूकच धरतात.

प्रश्न : मग खोटं बोलणे या लायचं काय? आणि लेडचं स्पेलिंग प्लेडसारखं का नाही?

उत्तर : खोटं बोलणारा लाय साधासरळ आहे (निदान व्याकरणात तरी!), लाय, लाइड, लाइड. ‘ही लाइड टू मी.’ आयएनजी लावल्यावर मात्र दोघांचं लाइंगच होतं, त्यामुळे ‘ही इज लाइंग’ म्हणजे तो पडलाय की थापा मारतोय हे मागचंपुढचं वाचूनच कळतं. लेडचं म्हणाल तर उच्चार नियमातला, फक्त स्पेलिंग वाकडं, एल-ए-आय-डी. पेचं पेड होतं तसंच.