बंद पडलेल्या जुन्या पाठशाळेचं आधुनिक ग्रंथालय करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरकडच्या तुमच्या गावात जुनी वेदपाठशाळा आहे. ती कित्येक वर्षं बंद आहे, पण ट्रस्ट शाबूत आहे आणि आत पोथ्यांचं एक कपाट आहे. गणपतीत आलेल्या मुंबईकर मंडळींनी बैठक घेऊन ठरवलं, की ‘अलेक्झांड्रियाचं झालं तसं’ तिचं पुनरुज्जीवन करायचं. सुरुवात कुठून करावी?

मी दापोली तालुक्यात, किनाऱ्यावरच्या एका गावात ग्रंथपाल आहे. आमचं वाचनालयही जुन्या पाठशाळेच्या घरातच आहे, अकरा वर्षं झाली. तेव्हा करता येतं, हे नक्की. फक्त इमारतीपासून सुरुवात करू नका.

अलेक्झांड्रियाचं नाव निघालंच आहे तर आधी तेच घेते. इजिप्तमधल्या या बंदरात प्राचीन काळी एक प्रसिद्ध ग्रंथालय होतं, ते नाहीसं झालं, आणि त्याच्या आठवणीत आपल्या काळात नवं उभं राहिलं. नव्या ग्रंथालयाची कल्पना तिथल्या विद्यापीठात १९७४ च्या सुमारास निघाली. पुढे युनेस्को आली, १९९० मध्ये आस्वानला देशोदेशीचे पाहुणे जमले, देणग्या जाहीर झाल्या आणि दार उघडलं ऑक्टोबर २००२ मध्ये. म्हणजे अठ्ठावीस वर्षं गेली. खर्च साधारण २२ कोटी डॉलर. समुद्राकडे कललेलं १६० मीटर व्यासाचं गोल छप्पर, जगभरच्या लिप्यांतली अक्षरं कोरलेली ग्रॅनाइटची भिंत, एका वेळी दोन हजार वाचक बसतील असं दालन. जागा ८० लाख पुस्तकांची, आणि उघडलं तेव्हा पुस्तकं होती त्याच्या मानाने अगदी थोडी. २०१० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एकदम ५ लाख पुस्तकं दिली. मी नावं ठेवत नाही. जानेवारी २०११ मध्ये कैरो-अलेक्झांड्रियाचे रस्ते पेटले तेव्हा तरुण पोरांनी त्या इमारतीभोवती हातात हात धरून साखळी केली होती. तुमच्या वाचनालयाभोवती अशी साखळी कोण धरेल, ते पुढच्या बैठकीत विचारून बघा. उत्तर आलं नाही तर छपराचं इस्टिमेट मागवूच नका.

खरी गंमत जुन्या अलेक्झांड्रियात आहे. गेलेन नावाच्या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलंय, की बंदरात लागलेल्या गलबतांवरची पुस्तकं राजा टॉलेमीची माणसं उतरवून घेत, त्यांची नक्कल करत, मूळ प्रत स्वतः ठेवत आणि मालकाच्या हातावर नक्कल टेकवत. त्या मूळ प्रतींवर ‘गलबतांवरची’ असा शेरा असायचा. अथेन्सकडून तर त्याने मोठ्या नाटककारांच्या मूळ संहिता पंधरा टॅलेंट (हे जुनं ग्रीक वजन) चांदी अनामत ठेवून आणल्या. मग अनामत बुडू दिली, पुस्तकं ठेवून घेतली आणि नकला परत पाठवल्या. शंभर रुपये अनामत सोडून कादंबरी कायमची घरी नेणारा सभासद प्रत्येक ग्रंथपालाला माहीत असतो. त्याची परंपरा बरीच जुनी आहे म्हणायची.

आम्ही टॉलेमीच्या उलट केलं, तुम्हीही तसंच करा. नक्कल आपण ठेवायची आणि मूळ प्रत मालकाच्या देवघरात राहू द्यायची.

हे आम्हाला पहिल्याच वर्षी फटका खाऊन कळलं. आम्ही फलक लावला, की घरातल्या पोथ्या आणि जुनी पुस्तकं वाचनालयाला द्या. पोथी एकही आली नाही. दहावीची जुनी गाईडं आली, विश्वकोशाचा एक सुटा खंड आला, आणि एका गृहस्थांनी टेम्पो भरून त्यांच्या कंपनीचे वार्षिक अहवाल पाठवले. ते रद्दीत घालायलाही आम्हालाच भाडं पडलं. मग मी घरोघर जायला लागले. वरच्या वाडीतल्या एक आजी मला ओटीवर बसवून सरबत देत आणि दर खेपेला एकच सांगत, “बाय, पोथी घराबाहेर जायची नाय. यांच्या आज्याच्या हातची आहे.” चौथ्या खेपेला मी म्हटलं, नको देऊ, इथंच फोटो काढू? त्या म्हणाल्या, “मग आधी का नाय बोललीस?”

तो दिवस नीट आठवतो. नोव्हेंबरातली सकाळ होती आणि पडवीत तिरकं ऊन आलं होतं. पाटावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं. आजींनी लाल रुमालाची गाठ सोडली तेव्हा कडुनिंबाच्या पाल्याचा नुसता भुगा पडला आणि वेखंडाचा वास सुटला. वरखाली लाकडी फळ्या, मधे सुटी लांबट पानं, कसरीने कडेला नक्षी केलेली. शेवटच्या पानावर नकलाकाराचा तो नेहमीचा श्लोक: तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्, मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम्. तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, सैल बांधणीपासून सांभाळ, मूर्खाच्या हाती देऊ नको. दोन कॉलेजची पोरं मोबाईल स्टँडला लावून पान न् पान टिपत होती आणि आजी त्यांच्यावर डोळा ठेवून होत्या. पानांच्या मधेच एक मोडीतला चिटोरा निघाला: कोणाकडून किती सुपारी आली, किती नारळ गेले, त्याचा हिशेब. पोथी पुन्हा कोणी फारशी मागितली नाही. पण त्या चिटोऱ्याची छापील प्रत आमच्या भिंतीवर आहे आणि मोडी शिकायला येणारी मुलं अजून त्याच्यावरच हात बसवतात.

आजींच्या घरचं झालं आणि वाडीत बातमी पसरली. मग लोकच बोलवायला लागले. तोपर्यंत आमच्या छपराला हातसुद्धा लागला नव्हता.

त्या श्लोकातली शेवटची ओळ मात्र सोडून द्या, असं माझं मत आहे. ‘मूर्ख’ कोण ते कोण ठरवत होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या पाठशाळेच्या ओटीवर गावातल्या अर्ध्याहून जास्त घरांना पाय ठेवता येत नव्हता. ‘प्राचीन विद्याकेंद्राचं पुनरुज्जीवन’ असं फलकावर लिहाल तेव्हा त्या घरांतल्या लोकांना ते कसं वाचता येतं, तेही बघा. आम्ही कार्यकारिणीत त्या घरांतले दोघे पहिल्या दिवसापासून घेतले, आणि आज संध्याकाळी सगळ्यात जास्त खुर्च्या त्यांच्याच मुलांनी भरलेल्या असतात. पाठशाळेने हा उंबरा ओलांडल्याचं उदाहरण घाटावर आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले आणि मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक झाले. विश्वकोशाची कचेरीही वाईतच आहे, आणि आज तो कोणालाही फुकट मोबाईलवर वाचता येतो.

आता घराकडे येऊ. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते. आम्ही लोखंडी रॅक पश्चिमेच्या भिंतीला टेकवून लावले, कारण तिथं ते शोभून दिसत होते. पहिल्याच श्रावणात चाळीसेक पुस्तकांवर हिरवट बुरशी आली आणि रॅकचे पाय गंजले. आता लाकडी मांडण्या आहेत, भिंतीपासून दीड वीत लांब, जमिनीपासून वीतभर वर. शाकारणी मे महिन्यात करून घ्या, मुंबईकरांच्या सोयीने दिवाळीनंतर नव्हे. ‘निसर्ग’ वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमची मागची कौलं उडाली. पुस्तकं वाचली ती आधीच पावसाळी झडी, म्हणजे पाऊस अडवणारे आडोसे, बांधून ताडपत्री घातली होती म्हणून. खाडीकाठी असाल तर तळमजल्यावर काहीही जपून ठेवायचं नाही. चिपळूणची बाजारपेठ जुलै २०२१ मध्ये कशी बुडाली ते तुम्ही जवळून पाहिलंच असेल.

कसर लागलेली छापील पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवतात. उणे अठरा-वीस अंशांत कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटतं. आम्ही आईस्क्रीमवाल्याचा फ्रीजर ऑफ सीझनला मागून घेतो. मासळीवालाही द्यायला तयार होता, पण नको म्हटलं. पोथ्यांवर मात्र हा प्रयोग करू नका. त्यासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणच्या जाणकाराला आधी विचारा.

‘आधुनिक’ म्हणजे काय, यावर तुमच्या बैठकीत प्रोजेक्टर आणि टच स्क्रीन निघाले असतील. आमच्याकडे मागणी आली ती चार्जिंग पॉइंट, बरा उजेड आणि बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह यांची. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सहाला दारात उभी असतात. त्यांच्या अभ्यासिकेच्या मासिक वर्गणीवर वीजबिल निघतं. दुपारी दोनपासून चारपर्यंत बायका येतात, त्या वेळात मुलांना वरच्या माळ्यावर पाठवतो. इंटरनेट पावसात जातंच, म्हणून टिपलेल्या पोथ्या दोन हार्डडिस्कवर ठेवल्या आहेत आणि त्यातली एक मुद्दाम दुसऱ्या गावात. पुस्तकांची यादी ‘ई-ग्रंथालय’ या एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या) ग्रंथालय-प्रणालीवर आहे. पण दाखल नोंदवही हातानेही लिहिते, कारण खाऱ्या हवेने आमचे दोन संगणक खाल्ले आणि वही अजून आहे.

कागदपत्रांचं पटकन सांगते. ट्रस्टच्या घटनेत उद्देश फक्त वेदाध्ययन असेल तर आधी वकिलाला दाखवा, धर्मादाय आयुक्तांकडचं काम नंतर निस्तरायला फार जड जातं. सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्याखाली वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळतं, पण ते गृहीत धरून अंदाजपत्रक मांडू नका. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा. आणि जमलं तर रत्नागिरीचं नगर वाचनालय बघून या. ते १८२८ चं आहे.

स्कॅनिंगचा स्टँड विकत घेऊ नका. आमचा फणसाच्या लाकडाचा आहे, सुताराने केलेला, आणि पुढच्या गणपतीपर्यंत तसाच पडून राहणार आहे. न्यायला गाडी पाठवा, एसटीत तो चढत नाही.