माझं लिखाण कुणाला दाखवू?

"मी लिहितेय ते बरं आहे का, हे मला खरं कोण सांगेल?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. कॉलेजातली मुलं विचारतात, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच लिहायला बसलेले काकाही विचारतात. येतात बहुधा दुसऱ्याच कारणासाठी, झोप नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून. हे नंतर हळूच निघतं.

विक्रोळीच्या एका बाईंची हकीकत त्यांच्या परवानगीने, तपशील बदलून सांगते. वय चाळिशीच्या आसपास, एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी. लोकलमध्ये बसायला मिळालं की मोबाइलवर कथा लिहायच्या. पहिली कथा पूर्ण झाली आणि त्यांनी ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. अंगठे आले, फुलं आली, "खूपच छान" आलं. त्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग वाचन दांडगं असलेल्या मोठ्या दिरांना दाखवली. ते म्हणाले, "ही काही कथा नव्हे. तुझा तो पिंडच नाही." यावर मात्र लगेच विश्वास बसला. लिहिणं थांबलं. नवऱ्याशी खटके उडू लागले, कारण त्याने मान वर न करता "चांगली आहे की" म्हटलं होतं.

एकदा त्या कथेची प्रिंट घेऊनच आल्या. "मॅडम, तुम्ही तटस्थ आहात. तुम्हीच सांगा."

मी ती वाचली नाही. माझ्या मताने दिरांचं मत खोडलं असतं, तर पुढच्या कथेच्या वेळी त्या पुन्हा माझ्याच दारात उभ्या राहिल्या असत्या. मी त्यांच्या कामाबद्दल विचारलं.

"ऑडिटर तुमच्या चुका काढतात?"

"काढतात ना. त्यांचं कामच ते."

"मग रडू येतं?"

त्या हसल्या. "रडायचं काय त्यात? अमुक व्हाउचरला बिल जोडलेलं नाही, असा शेरा असतो. बिल शोधायचं, जोडायचं."

"आणि शेरा असा आला, की या बाईंना हिशेबच जमत नाही?"

"असं कसं लिहितील? व्हाउचर नंबर नको का सांगायला?"

एवढं बोलून त्या गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की समोरच्याचा विचार तुटतो, हे मला अनुभवाने पक्कं ठाऊक आहे. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "भाऊजींनी नंबर सांगितलाच नाही. ग्रुपवरच्यांनीही नाही."

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांना मानणारी. १९५५ पासून त्यांनी जी उपचारपद्धती उभी केली, तिचा एक गाभा असा, की माणसाची कृती तपासावी, अख्ख्या माणसाला गुण देऊ नयेत. लिखाणाच्या बाबतीत हे फार अवघड जातं. बाई विचारत होत्या "कथा कशी झालीय", पण कान लावून बसल्या होत्या "मी कशी आहे" याच्या उत्तरासाठी. तसं उत्तर देणारा कितीही विद्वान असो, त्याचा नवख्या लेखकाला उपयोग नाही.

म्हणून "कशी वाटली?" हे विचारूच नका. वाचताना कुठे थांबलात, कुठे पान उलटावंसं वाटलं, कोणतं पात्र डोळ्यांसमोर आलं नाही, ते विचारा. गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. जे त्यांच्या सांगण्यातून गळतं, ते बहुधा कागदावर नीट उतरलेलं नसतं. वाचक दोन-तीनच असावेत, आणि तुम्ही लिहिता त्या प्रकारचं लेखन आवडीने वाचणारे असावेत. नवऱ्याला, बायकोला यातून मोकळं करा. त्यांना घरात राहायचं असतं! समोरचा बोलत असताना "मला तिथे असं म्हणायचं होतं" हे सांगू नका, लिहून घ्या. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे काहीतरी अडलंय असं समजा. ते कसं सोडवायचं, हे मात्र तुमचं तुम्हीच ठरवा. आणि संपादकाकडून उत्तर आलं नाही, तर तो निकाल समजू नका. गिरगावच्या खटाववाडीतून निघणाऱ्या 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत. ते मासिक १९८२ मध्ये बंद झालं. आजच्या संपादकांना प्रत्येकाला तेवढा वेळ देणं जमत नाही.

बाईंनी दोन वाचक शोधले: ऑफिसातली एक मैत्रीण, आणि लायब्ररीत नेहमी दिसणाऱ्या निवृत्त शिक्षिका. बदल्यात शिक्षिकांच्या आठवणींचं हस्तलिखित त्या वाचतात. नंतर त्यांचा फोन आला. "मॅडम, दोघींनी एकच पान सांगितलं. आजी मधेच नाहीशी होते म्हणे, आणि शेवटी एकदम परत येते."

"मग?"

"बरोबर आहे त्यांचं. पण मैत्रीण म्हणते आजीला काढूनच टाक. ते नाही करणार मी. आजीला मधल्या पानांत आणतेय."