कॅनडाचं नागरिकत्व घेतल्यावर ऑनलाइन बुद्धिबळात तिरंगा लावणं हा खोटेपणा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जन्म माहीमचा, शाळा-कॉलेज मुंबईत, गेली ११ वर्षं टोरोंटोत, आणि गेल्या वर्षी तुम्ही कॅनडाचं नागरिकत्व घेतलंत. ऑनलाइन बुद्धिबळ खेळताना नावाशेजारी अजून तिरंगा आहे. तिथल्या क्लबातला मित्र म्हणाला, "आता हा झेंडा तुझा नाही," आणि तेव्हापासून तुम्हाला टोचतंय.

माझं मत आधीच सांगते. तिरंगा ठेवा. त्यात खोटं काही नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढले. मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "गाव कुठलं?" केईएममध्ये जन्मलेली, गिरणगावाबाहेर फारशी कुठे न गेलेली पोरंसुद्धा राजापूर, मालवण, जुन्नर असं ठासून सांगायची. गावाला जाणं व्हायचं गणपतीत आणि मे महिन्यात, सातबाऱ्यावर नावं चुलत्यांची, तरी कुणी कुणाला खोटारडं म्हटलं नाही. विचारणाऱ्याला पत्ता नकोच होता, पत्ता समोर दिसत होता. त्याला जाणून घ्यायचं होतं की हे माणूस स्वतःला कुठल्या मातीचं समजतं. रेशनकार्डावर मुंबई आणि तोंडात राजापूर, दोन्ही खरं.

गेममधला झेंडा हा मला नेहमी 'गाव कुठलं?'च्या उत्तरासारखा वाटतो. चेस डॉट कॉम, लिचेस या बुद्धिबळाच्या साइट किंवा जागा ओळखायचा जिओगेसर हा खेळ तुमच्याकडे पासपोर्ट मागत नाहीत, यादी पुढे करतात आणि निवडा म्हणतात. लिचेसच्या यादीत तर स्कॉटलंड, कॅटालोनिया, क्यूबेक असे वेगळा पासपोर्ट नसलेले प्रदेशही आहेत. म्हणजे यादी करणाऱ्यांनाही हा प्रश्न नागरिकत्वापुरता वाटत नसावा.

रेशनकार्ड विचारणारी ठिकाणं वेगळी आहेत आणि तिथे मात्र काटेकोर राहा. फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ. त्याच्या नोंदीत प्रत्येक खेळाडू एका देशाच्या संघटनेखाली असतो. ती बदलायची तर अर्ज, नियम, शुल्क, कधी थांबायची मुदत, असं सगळं पार करावं लागतं. अधिकृत स्पर्धेच्या फॉर्मवर जे कागदोपत्री आहे तेच लिहायचं. ओसू या तालावर खेळायच्या गेमसारख्या ठिकाणी तर निवडीचा प्रश्नच येत नाही. खातं उघडताना तुम्ही जिथे होता तो देश चिकटतो आणि मनात आलं म्हणून बदलता येत नाही. माझा मुलगा रात्री व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो, त्यांच्यात सर्व्हर मुंबईचा आणि पिंग (म्हणजे जोडणीला लागणारा वेळ) किती, एवढीच ओळख पुरते.

हा विषय मला जवळचा आहे, कारण यावरून आमच्या घरात कडाक्याचं भांडण झालं होतं. माझा मोठा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं तेव्हा शपथेच्या आदल्या रात्री तासभर फोनवर होता, बोलत काहीच नव्हता. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसरं घेतलं की आपलं संपतं, पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', या कार्डाच्या नावात 'सिटिझन' असलं तरी मत देता येत नाही. दादाचा जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला, तो त्याने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलाय. हे सगळं करतानाही ऑनलाइन खात्यावरचा तिरंगा मात्र त्याने हलवला नाही.

मग त्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, बारा वर्षांची असताना खातं उघडलं आणि अमेरिकेचा झेंडा लावला. दादाला तो घाव बसला. "आपल्या घरात हे?" असं म्हणून त्याने तिला झेंडा बदलायला लावला. रविवारी ती माझ्याशी खेळायला आली तेव्हा नावाशेजारी तिरंगा होता आणि पोरगी चॅटमध्ये एक अक्षर लिहीत नव्हती. डाव संपल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला. म्हणाली, "आत्या, कुणी विचारलं की इंडियात कुठे राहतेस, तर मी काय सांगू? मी तिथे तीनदाच आले."

मी दादाला त्याच रात्री सांगितलं की तिचं बरोबर आहे. राजापूर हे आपल्या आजोबांचं गाव होतं, म्हणून ते आपल्या तोंडी आलं. ते कुणी मारून मुटकून म्हणवून घेतलं नव्हतं. तिचं गाव न्यू जर्सीतलं एडिसन. तिथल्या शाळेच्या टीममधून ती खेळते, तिथल्या थंडीत वाढली. तिच्या नावापुढे तिरंगा तिने स्वतः लावला तर मला आभाळ ठेंगणं होईल, पण बापाच्या धाकाने लावलेला तिरंगा मला बघवत नाही. दादा दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग झेंडा पुन्हा बदललेला दिसला, त्यावर आम्ही कधी चर्चा केली नाही.

तुमची गोष्ट भाचीची नाही, दादाची आहे. म्हणून म्हणते, ठेवा.

कागद आणि मन यांची गल्लत लोक किती सहज करतात, याचं एक मोठं उदाहरण आपल्या बुद्धिबळातच आहे. विश्वनाथन आनंद बरीच वर्षं स्पेनमध्ये राहायचे. २०१० साली हैदराबाद विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट द्यायची ठरवली, तेव्हा त्यांच्या नागरिकत्वावरच शंका काढली गेली. पासपोर्ट भारतीय, झेंडा भारतीय, त्या वेळी ते भारताचे जगज्जेते, तरी पत्ता परदेशातला म्हणून प्रश्न! पुढे मंत्र्यांनी माफी मागितली, पण आनंदनी ती पदवी घेतली नाही. सगळे कागद चोख असलेल्या माणसाला जर हे सोसावं लागलं, तर तुमच्या क्लबातल्या मित्राच्या एका वाक्याने इतकं खचू नका.

तुम्ही लिहिलंय की वाद नको म्हणून पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह लावायचा विचार आहे. मी ते सहा-सात महिने करून पाहिलंय. एका रात्री हरलेल्या माणसाने माझ्या झेंड्यावरून इतकं घाणेरडं लिहिलं की मी त्याला ब्लॉक केलं आणि झेंडा काढून टाकला. शिव्या थांबल्या, हे खरं. पण त्याबरोबर गप्पाही थांबल्या. त्या महिन्यांत मला कुणी "कुठून?" असं विचारलंच नाही.

तिरंगा परत लावल्यावर पहिल्याच आठवड्यात एक डाव लागला. समोर इस्रायलचा झेंडा आणि खात्याच्या नावाच्या शेवटी 'कर'. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींची आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली, हे मला माहीत होतं. म्हणून डाव संपल्यावर भीत भीत रोमन लिपीत लिहिलं, "मराठी कळतं का?" उत्तर आलं, "आजी बोलायची. थोडं कळतं." आजी भायखळ्याची. मांडवीतल्या १७९६ साली स्थापन झालेल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, तिचं लग्न लागलं होतं. त्या माणसाचा देश इस्रायल, झेंडा इस्रायलचा, त्यात त्याच्या मनात तिळमात्र गोंधळ नाही, आणि आडनावात मात्र रायगड जिल्ह्यातलं एक गाव दोन देश ओलांडून शाबूत. आमचे तीन डाव झाले, तिन्ही मी हरले, आणि रात्रीचा दीड कधी वाजला कळलं नाही. माझ्या नावाशेजारी गोळा असता तर माझा प्रश्न त्याला विचित्रच वाटला असता.

अर्थात तटस्थ झेंडा काहींची गरज असतो, त्याला कमी लेखू नका. इराणने २०१९ मध्ये आपल्या खेळाडूंना जागतिक रॅपिड स्पर्धेतून मागे घेतलं, तेव्हा अलिरेझा फिरूझा हा इराणी खेळाडू फिडेच्या झेंड्याखाली खेळला आणि दुसरा आला. पुढे तो फ्रान्सचा झाला. २०२२ पासून कित्येक रशियन खेळाडूही फिडेच्याच झेंड्याखाली खेळत आले. त्यांच्यापुढे पेच होता. तुमच्यापुढे मित्राची एक टिप्पणी आहे.

मग खोटेपणा कशाला म्हणायचं? माझ्या मुलाच्या ओळखीतली काही पोरं दुसऱ्या देशाचा झेंडा लावून समोरच्याला शिव्या घालतात, म्हणजे बदनामी त्या देशाची व्हावी. हा खोटेपणा, आणि नीचपणाही. नॉर्वेचा माजी जगज्जेता कार्लसन याच्यावर जीव आहे म्हणून नॉर्वेचा झेंडा लावणाऱ्या पोराला मी तसं म्हणणार नाही. नॉर्वेचा कुणी बोलायला आला तर खरं सांगितलं की झालं. तुम्हीही कुणी विचारलं तर सरळ लिहा: मुंबईचा, आता टोरोंटोत. तीन-चार शब्दांत सगळं येतं.

एक बारीक गोष्ट, कारण यात मी स्वतः फसलेय. फोनवर झेंडा नखाएवढा दिसतो, चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र म्हणजे नुसता ठिपका. नायजर देशाच्या झेंड्यातही वर नारिंगी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्यावर नारिंगी गोल. मी एकदा आनंदाने "नमस्ते" लिहिलं आणि पलीकडून फ्रेंचमध्ये उत्तर आलं, माणूस नायजरची राजधानी नियामीचा होता. यादीतून निवडताना डोळे फाडून बघा. आणि झेंड्याऐवजी प्रोफाइलच्या फोटोत तिरंगा वापरणार असाल तर त्यावर आपलं नाव किंवा टोपणनाव लिहू नका. राष्ट्रध्वजावर काही लिहिणं १९७१ च्या कायद्याप्रमाणे अवमानात मोडतं. बरीच मुलं हौसेने करतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कॅनडाच्या झेंड्यावरच्या मेपलच्या पानाबद्दल मात्र तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात, ती मी दोनदा वाचली. तुम्ही म्हणता की तिथे गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात ज्या शेजाऱ्यांनी सांभाळलं, त्यांच्यासमोर तिरंगा लावून बसताना अपराधी वाटतं. ही ओढही खरी आहे, ती दाबू नका. तुमच्या मुलांनी उद्या मेपलचं पान लावलं तर त्यांना हसत लावू द्या. आणि एखाद्या दिवशी तुम्हालाच ते लावावंसं वाटलं, तर मला कळवा. त्या दिवशी आपण एक डाव खेळू. टोरोंटोत उन्हाळ्यातल्या दुपारी दीड वाजतो तेव्हा इथे रात्रीचे अकरा झालेले असतात, मी जागीच असते.