कृषी सल्ला: भाजी गावातच विकायची, तर आधी पेरणी वाटून घ्या

प्रश्न: सिन्नर तालुक्यात आमचा 11 जणांचा गट आहे. मेथी, कोथिंबीर, भेंडी नाशिकला पाठवतो. परवा मेथीची पट्टी, म्हणजे अडत्याचा विक्रीचा हिशेब, उलटी आली, गाडीभाडं खिशातून भरलं. हाच माल सिन्नरला आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना थेट विकला तर? परवाना लागेल का? दर काय लावायचा?

उत्तर: परवान्याचं आधी उरकतो. 2016 पासून फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे. बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला तिचा परवाना लागत नाही. जागेसाठी नगरपरिषदेकडे, ग्रामपंचायतीकडे अर्ज करा आणि काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा चालू शिक्का असू द्या. आणि हो, जुन्या पट्ट्या काढून बघा. अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, खरेदीदाराने द्यायची असते. तुमच्याकडून कापली असेल तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

खरी गोम पेरणीत आहे. पाऊस झाला की अकराही जण एकाच आठवड्यात मेथी टाकता, आणि 25-30 दिवसांनी ती एकदम काढणीला येते. गावातल्या गिऱ्हाइकाला दोनच जुड्या लागतात. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे काही नसलं, की ते परत हातगाडीवर जातं. म्हणून वहीत पाळ्या लावा: या सोमवारी दोघांनी 2-2 गुंठे मेथी, पुढच्या सोमवारी दुसऱ्या दोघांनी. कोथिंबिरीला 40 दिवस धरा. भेंडीचा तोडा 45-50 दिवसांनी सुरू झाला की एक दिवसाआड चालतो, तेव्हा दोघांचीच भेंडी पुरे. पहिल्या हंगामात चौथाई मालच इकडे वळवा.

दराचं म्हणाल तर समजा हमाली, तोलाई, भाडं जाऊन नाशिकला भेंडीचे किलोमागे 10 रुपये हाती पडतात आणि हातगाडीवर तीच भेंडी 40 ला आहे. मग 25 लावा, आणि आठवडाभर तोच ठेवा. भाव चढला की हात शिवशिवतील. पण भाव पडेल तेव्हाही कामगार 25 च देणार आहे! गाडी शिफ्ट सुटताना लावा, सकाळी नको.

खुडणी बायका करतात आणि पैसे पुरुषांच्या खात्यावर जातात, हे तुमच्याही गटात असेल. सातबारा नावावर नसला तरी त्यांना सभासद करून घ्या.

फवारणीत सवलत नाही. तोडा सुरू झाल्यावर 5 टक्के निंबोळी अर्कावर भागवा. औषध मारावंच लागलं, तर लेबलवरचा प्रतीक्षा कालावधी (फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस) संपेपर्यंत ती भेंडी गाडीत चढवायची नाही, मग ती गटाच्या अध्यक्षाची का असेना.