हात लावू नकोस

प्रिय मित्रा,

तुझे पत्र वाचून प्रथम आनंद झाला आणि पुन्हा वाचल्यावर वैताग आला. 1960 च्या दशकातला एक अमेरिकी कॉमिक अंक आणि एका जुन्या कॉमिकच्या मूळ चित्राचे, म्हणजे छपाईसाठी चित्रकाराने हाताने काढलेले, एक पान, अशा दोन वस्तू तुझ्याकडे एकदमच आल्या, हे भाग्य लहान नाही. पण त्यानंतर चारच ओळींत तू विचारतोस की, अंकाच्या घडीवरची चीर सांधून घ्यावी का, मुखपृष्ठावरचा उडालेला रंग भरून घ्यावा का, आणि चित्रावरच्या निळ्या रेघा, डाग व समासातला मजकूर पुसून ते भिंतीवर लावण्याजोगे करावे का. तुला हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. माझे उत्तर मात्र एकच आहे: हात लावू नकोस.

आधी अंकाचे पाहू. हे अंक लाकडाच्या यांत्रिक लगद्यापासून केलेल्या स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापले जात. ते वाचून टाकून द्यायचे असत, टिकावेत अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. त्या कागदातले लिग्निन हवा आणि उजेड लागून पिवळे पडते, आम्ल तयार होते, आणि कागद कडेकडून आत तपकिरी होत जातो. त्यामुळे जुन्या अंकाची कड मधल्या भागापेक्षा गडद असणे हेच स्वाभाविक आहे. कड पांढरीशुभ्र आणि धारदार दिसली, तर कोणी तरी चुरगळलेला काठ सुरीने कापून टाकला असावा, अशी शंका आधी घ्यावी. पट्टी काढ आणि मोज. 1940 च्या आसपासचा अंक साधारण पावणेआठ इंच रुंद असे, 1960 च्या दशकातला सात इंचांहून थोडाच अधिक. छापखान्यातली कापणीही नेमकी नसे, हे खरे. म्हणूनच त्याच महिन्याच्या दुसऱ्या अंकाशेजारी ठेवून पाहावे. रंग भरला आहे का, हे मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूने कळते, कारण स्केचपेनची शाई मागे झिरपते. अतिनील दिव्याखाली तर नवा रंग आणि नवा कागद बहुधा वेगळे दिसतातच.

एवढे सगळे सांगितले ते तू फसू नयेस म्हणून नव्हे. जी लबाडी तू दुसऱ्याच्या अंकात दिव्याखाली शोधणार, तीच स्वतःच्या अंकात पैसे मोजून करून घ्यायला तू निघाला आहेस, हे तुझ्या लक्षात यावे म्हणून. 2000 साली सीजीसी ही श्रेणी ठरवणारी संस्था सुरू झाली. तिच्या दहापर्यंतच्या मोजपट्टीवर रंग भरलेला किंवा कापलेला अंक जांभळ्या पट्टीखाली वेगळा काढला जातो, आणि बाजारात त्याला तशाच दिसणाऱ्या अस्पर्श अंकापेक्षा सहसा बरीच कमी किंमत येते. तेव्हा पैशांच्या हिशेबानेही तुझ्या सल्लागाराचे गणित चुकते. पण पैशांचा मुद्दा मी एवढ्यावरच सोडतो, कारण बाजाराने उद्या उलट कौल दिला तरी माझे मत बदलणार नाही.

आता चित्राचे पान. याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही.

तू लिहितोस की चित्राची चौकट सुमारे दहा बाय पंधरा इंचांची आहे. म्हणजे ते बहुधा 1967 नंतरचे, कारण तोपर्यंत अमेरिकेत ही पाने याहून बरीच मोठी काढली जात. त्यावरच्या ज्या फिकट निळ्या रेघा तुला ‘घाण’ वाटतात, त्या निळ्या पेन्सिलीच्या आहेत. छपाईच्या कॅमेऱ्याला तो रंग दिसत नसे, म्हणून खोडण्याची गरज नसे. चित्रकाराने आधी हात कुठे ठेवला होता आणि मग विचार बदलून कुठे नेला, हे सांगणाऱ्या त्या रेघा आहेत. शाईवरचा पांढऱ्या रंगाचा जाड थर ही दुरुस्ती आहे: तिथे एखादे बोट चुकले असेल किंवा संपादकाला चेहरा पटला नसेल. अर्धवट सुटलेला संवादाचा फुगा वेगळ्या कागदावर लिहून रबर सिमेंट नावाच्या गोंदाने चिकटवलेला आहे, आणि त्याच्याखालचा तपकिरी डाग त्याच सिमेंटचा आहे. फुग्याखाली आधीचा संवाद किंवा चित्राचा भाग असू शकतो. आणि समासातला पेन्सिलीचा मजकूर! मार्व्हल या कॉमिक प्रकाशनसंस्थेच्या पद्धतीत कथेच्या ढोबळ आराखड्यावरून चित्रकार आधी पाने काढी आणि संवाद नंतर लिहिले जात. प्रसंगात काय चालले आहे हे जॅक कर्बीसारखे चित्रकार समासात लिहून ठेवत. कथा खरी कोणाची, संवादलेखकाची की चित्रकाराची, या आजवर चाललेल्या वादात अशा ओळी हाच पुरावा ठरतो. तो तू खोडरबराने पुसणार, कारण भिंतीवर बरा दिसत नाही.

ही पाने मुळात उरली कशी, तेही पाहा. प्रकाशकांच्या लेखी छपाई झाली की चित्राचे काम संपले. कित्येक पाने फेकली गेली, वाटली गेली, चोरीला गेली. चित्रकारांना ती परत देण्याची पद्धत 1970 च्या दशकात रुळू लागली, आणि कर्बीने काढलेल्या हजारो पानांपैकी दोनेक हजार त्याला परत मिळायला 1987 साल उजाडले. 2008 साली एका अनाम दात्याने स्पायडर-मॅनच्या पहिल्या कथेची स्टीव्ह डिटकोने काढलेली सगळी मूळ पाने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. अभ्यासक तिथे जातात ते छापील अंकात न दिसणारे पाहायला. छापील अंकात दिसते तेवढेच ठेवायचे असेल, तर मूळ पान घेतलेस कशाला? उत्तम छपाईची प्रत भिंतीवर लाव आणि मोकळा हो.

रागावलो असलो तर सोडून दे. माझ्याकडे एक पान आहे, ज्याचे समास माझ्याआधीच्या मालकाने चौकटीत बसावे म्हणून कापले. कडेला काही अक्षरांचे फक्त वरचे टोक उरले आहे, आणि पान हातात घेतले की मी चित्राआधी ते टोकच पाहतो. पूर्ण वाक्य काय होते, हे आता कोणालाही कळणार नाही.

मला हटवादी म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे असे की, जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने सांधलेली चीर उद्या पाण्याने पुन्हा सोडवता येते. संवर्धन वेगळे आणि सजावट वेगळी. हे मला मान्य आहे. गंजलेल्या पिनेमुळे कागद कुजत असेल, किंवा जुन्या सेलोटेपचा गोंद आत मुरत असेल, तर प्रशिक्षित संवर्धकाला दाखवावे, आणि त्याने काय केले याची लेखी नोंद अंकाबरोबर ठेवावी. माझ्या एका अंकाचे मुखपृष्ठ मी वेळेवर सांधून घेतले नाही म्हणून पूर्ण सुटले, हेही लोक मला ऐकवतात. सुटले, हे खरे. पण दोन्ही भाग माझ्याकडे आहेत, त्यांत परका रंग नाही, आणि सांधायचे तर उद्याही सांधता येतील. कापलेला काठ कोण परत आणून देणार?

तेव्हा अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून, उभा, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेव. पीव्हीसीचे पाकीट नको. पानासाठीही तसेच मोठे पाकीट घे. शाई काळी असेल तर उजेडाने तिचे फारसे बिघडत नाही; मार्कर किंवा पातळ रंग असतील तर उडतात, म्हणून खिडकीसमोर टांगू नकोस. सुटलेला फुगा पुन्हा चिकटवू नकोस. गळून पडला तर वेगळ्या पाकिटात घाल आणि तो कोणत्या चौकटीतला आहे ते पाकिटावर लिही, पानावर नव्हे.

तू पानाच्या दर्शनी बाजूचीच छायाचित्रे पाठवली आहेस. मागच्या बाजूला कधी कॉमिक्स कोडच्या, म्हणजे अमेरिकी कॉमिक प्रकाशकांच्या मजकूर-नियमावलीच्या, मंजुरीचा शिक्का असतो, तर कधी संपादकाचा शेरा. ती बाजू दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता टिपून पाठव. आणि तुझ्या त्या सल्लागाराला पान दिले असशील, तर पत्र संपताच जाऊन परत घेऊन ये.

तुझा,
एक जुना संग्राहक