सायकलस्वार कडेने न जाता लेनच्या मधून का चालवतात? कायद्याने तसं चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रोज गाडी चालवता, पुढचा सायकलस्वार कडेला जागा असूनही मधून जातो, हॉर्न दिला तरी हटत नाही. शिवाय त्याला ना परवाना लागतो, ना कर. मग रस्त्यावर त्याचा हक्क तुमच्याइतका कसा? मी सायकलही चालवतो आणि गाडीही, म्हणून दोन्ही बाजूंनी उत्तर देतो.

आधी हक्काचं. रस्ता वाहतुकीचा व्हिएन्ना करार १९६८ चा. अनेक देशांचे वाहतूक नियम त्याच्या चौकटीत बसवलेले आहेत. या करारात सायकल हे वाहन आहे आणि ती चालवणारा हा चालकच आहे. म्हणजे रस्त्यावर तो पाहुणा नाही. त्याच करारात पुढे असंही म्हटलंय की पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध अशा ज्यांना इजा व्हायची शक्यता जास्त, त्यांच्याबाबतीत चालकाने अधिक काळजी घ्यावी. दोघांचा हक्क सारखा, पण जबाबदारी ज्याच्या हातात जास्त वजन आणि जास्त वेग आहे त्याच्यावर जास्त. मला हे न्याय्य वाटतं. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटरने धडक बसली तर तीच गाडी जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा घेऊन आदळते, आणि ती सगळी सोसायला सायकलस्वाराकडे ना बंपर असतो ना एअरबॅग.

आता मधून चालवण्याबद्दल. तुम्हाला काचेतून जी कडेची मोकळी जागा दिसते, ती सायकलवरून वेगळी दिसते. पावसाच्या पाण्याच्या जाळ्या तिथे असतात, आणि त्यांच्या फटी वाहतुकीच्या दिशेने असल्या तर पातळ चाक आत अडकतं. गाड्यांच्या चाकांनी उडालेली खडी आणि फुटलेल्या काचा त्याच पट्ट्यात जमतात. साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते कळत नाही. गाडीतून यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून मागच्याला वाटतं की हा मुद्दाम आडवा येतोय.

त्याहून वाईट म्हणजे कडेला उभ्या गाड्यांची रांग. तिच्याजवळून जाताना मी प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का ते बघतो, मागचा लाल दिवा आत्ताच विझला का ते बघतो, पुढचं चाक वळलेलं आहे का तेही. यातलं काही दिसलं की दार उघडू शकतं. पूर्ण उघडलेलं दार साधारण मीटरभर बाहेर येतं आणि त्याची कड नेमकी हँडलच्या उंचीवर असते. ते अचानक समोर आलं तर दोनच गोष्टी होतात: दारावर आदळायचं, नाहीतर झटक्यात आत वळायचं, म्हणजे मागून येणाऱ्या तुमच्या गाडीपुढे. म्हणून शहाणा सायकलस्वार आधीपासूनच दारापासून लांब, लेनमध्ये आत चालवतो. बाहेरून ती आडमुठेपणाची खूण दिसते, पण तुमच्या गाडीपुढे अचानक यावं लागू नये म्हणूनच तो तिथे असतो. गाडीतून उतरताना दाराच्या लांबच्या हाताने दार उघडायची सवय मात्र सगळ्यांनी लावून घ्यावी. त्या हाताने उघडायचं म्हटलं की अंग आपोआप वळतं आणि मागचा रस्ता दिसतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत, २०२२ पासून ही सूचनाच लिहिलेली आहे.

आणि आता मुख्य मुद्दा. यावर बहुतेक भांडणं होतात, तरी गणित मात्र कुणी करत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा लेन सव्वातीन मीटर रुंद आहे. सायकलस्वार अगदी कडेने, अर्धा मीटर सोडून चालवतोय. हँडलची निम्मी रुंदी धरली तर त्याची रस्त्याकडची बाजू कडेपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर येते. त्यापुढे ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं. तुमची गाडी आरशांसकट दोन मीटरच्या आसपास. बेरीज झाली सव्वाचार मीटरच्या वर. म्हणजे तो कडेला असला तरी तुमच्या गाडीचा मीटरभर भाग शेजारच्या लेनमध्ये जाणारच. ती लेन रिकामी असेल तर तो मधोमध असला तरी तुम्ही पुढे जाऊ शकता. रिकामी नसेल तर तो कडेला असूनही तुम्हाला जाता येणार नाही. कडेला सरकून तो तुम्हाला एकच गोष्ट देतो: ‘घुसेल बहुतेक’ हा मोह. आणि त्या घुसण्यातच आरसा कोपराला लागतो. मधून चालवणारा सायकलस्वार मागच्याला एवढंच सांगत असतो की इथे जागा नाही, असल्याचा भास होऊ देऊ नका.

कायद्यांनीही हे मानलंय. कॅलिफोर्नियात गाड्यांपेक्षा हळू जाणाऱ्या सायकलस्वाराने जमेल तितकं कडेने चालवावं असा नियम आहे, पण लगेच अपवाद आहेत: कडेला अडथळा असेल, ओव्हरटेक करायचं असेल, विरुद्ध बाजूला वळायचं असेल, किंवा सायकल आणि मोटार शेजारी शेजारी सुरक्षित मावणार नाहीत इतकी लेन अरुंद असेल तर ही सक्ती नाही. शहरातल्या कितीतरी लेन या शेवटच्या अपवादात बसतात, हे वरच्या बेरजेवरून कळलं असेल. ब्रिटनमध्ये २९ जानेवारी २०२२ ला हायवे कोड बदलला तेव्हा शांत रस्त्यावर, हळू चाललेल्या वाहतुकीत, चौकाजवळ आणि रस्ता अरुंद होतो तिथे लेनच्या मध्यातून चालवा, असं सायकलस्वारांना स्पष्ट सांगितलं गेलं. त्यासोबत हेही सांगितलंय की मागून वेगवान वाहन आलं आणि सुरक्षित वाटलं तर कडेला सरकून त्याला जाऊ द्या.

हे दुसरं वाक्य सायकलवाल्यांनीही नीट वाचायला हवं. लांबलचक चढ आहे, कडेला चांगला रुंद पट्टा आहे, मागे दहा गाड्यांची रांग लागलीय, आणि तरी मधूनच चालवायचं, याला माझ्याकडे समर्थन नाही. अशा वेळी मी कडेला होतो, गरज पडली तर थांबतो. पण सरकायचं कुठे आणि कधी, हे पुढचा ठरवणार. मागच्याने हॉर्न वाजवून ठरवायचं नाही, कारण खड्डा पुढच्याला दिसतोय.

दीड मीटर हा आकडाही कुणी हवेतून काढलेला नाही. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओव्हरटेक करताना वस्तीत किमान दीड आणि वस्तीबाहेर दोन मीटर सोडावे लागतात. फ्रान्समध्ये वस्तीत एक, बाहेर दीड. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये वेगमर्यादा ताशी ६० पर्यंत असेल तर एक, त्यावर दीड. स्पेनमध्ये २०२२ पासून एकाच दिशेला एकापेक्षा जास्त लेन असतील तर सायकलला ओव्हरटेक करताना लेन पूर्ण बदलावी लागते. कारण साधं आहे. सायकल सरळ रेषेत जात नाही. तोल सांभाळायला हँडल सतत किंचित इकडेतिकडे होत असतं, आणि समोर खड्डा आला की हाताएवढं अंतर सहज सरकावं लागतं. त्यात ट्रकचा वारा. मोठा ट्रक वेगाने जवळून गेला की आधी कडेला ढकलल्यासारखं होतं आणि तो पुढे निघाला की क्षणभर त्याच्याच दिशेने ओढलं जातं. हे ज्याने एकदा अनुभवलंय तो स्टिअरिंगवर बसला की आपोआप लांबून जातो.

मला स्वतःला ओव्हरटेकपेक्षाही वळणाची जास्त भीती वाटते. गाडी सायकलच्या पुढे जाते आणि लगेच कडेच्या गल्लीत वळते, म्हणजे नेमकी सरळ जाणाऱ्या सायकलच्या आडवी. चालकाच्या मनात सायकल ‘मागे पडलेली’ असते. पण ताशी २० ने चाललेली सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे येत असते, आणि तुम्ही वळायला वेग कमी केलात की ती तुमच्या दाराशी पोचलेली असते. वळण जवळ असेल तर ओव्हरटेक करूच नका, सायकलच्या मागे थांबा आणि मग वळा. ट्रक-बसच्या बाबतीत तर कडेची सायकल चालकाला दिसतच नाही असा कोपरा असतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्या ट्रक-बसवर त्या कोपऱ्यातला सायकलस्वार ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा बंधनकारक झाली ती याच कारणाने. सायकलस्वारांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या कडेने पुढे घुसू नका. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

करांबद्दल तुम्ही विचारलंत. रस्त्याची झीज वजनाने होते आणि ती वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून मोठी चाचणी घेतली गेली. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा की झीज चाकांच्या आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. स्वारासह शंभर किलोची सायकल आणि दीड हजार किलोची गाडी घेतली तर भार पंधरापट, पण झीज पन्नास हजारपट. सायकल रस्ता झिजवत नाही असंच म्हणा ना. आणि हक्क कराच्या पावतीवर ठरत असता तर पादचाऱ्याला रस्ता ओलांडताही आला नसता. परवाना लागतो तो धोकादायक यंत्र चालवायला, रस्ता वापरायला नव्हे.

दोघं शेजारी शेजारी चालवतात यावरही लोकांचा राग असतो. देशादेशांत नियम वेगळे आहेत, ब्रिटनमध्ये चालतं. दहा जण एकामागे एक असतील तर जितकी लांब रांग ओलांडावी लागते, तिच्या निम्मी ते दोन-दोन असताना लागते. समोरून येणाऱ्या लेनमध्ये तुमचा वेळ कमी जातो. गप्पा मारत वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर तसंच चालत राहणं मात्र चूकच.

लाल सिग्नल तोडणारे, उलट दिशेने येणारे, रात्री दिवा न लावणारे सायकलस्वार आहेत, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. उलट दिशेचा तर सगळ्यात धोक्याचा, कारण गल्लीतून बाहेर पडणारा चालक त्या बाजूला बघतच नसतो. काही ठिकाणी कायद्यानेच थोडी सूट दिली आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९८२ पासून रस्ता मोकळा असेल तर सायकलस्वाराला ‘स्टॉप’च्या पाटीपाशी पूर्ण न थांबता जाता येतं. पॅरिसमध्ये ठरावीक सिग्नलवर छोटी पाटी असते, तिथे लाल असताना इतरांना वाट देत वळता येतं. ही सूट जिथे लिहिलेली आहे तिथेच. बाकी ठिकाणी लाल म्हणजे लाल.

अपघात झालाच तर? नेदरलँड्समध्ये मोटार आणि सायकल यांच्या धडकेत नुकसानभरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्यावर असते. सायकलस्वाराची चूक असली तरी साधारणपणे किमान निम्मी भरपाई मिळते, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला बहुतेक वेळा पूर्ण. याचा अर्थ चालक गुन्हेगार ठरतो असा नाही, हा विम्याच्या पैशाचा प्रश्न आहे. पण मूल वाकडंतिकडं चालवणारच हे कायद्याने आधीच धरलंय, आणि त्याची किंमत मुलाने मोजू नये असं ठरवलंय. मला हा नियम फार आवडतो.

शेवटी तुमच्या हॉर्नबद्दल. अगदी मागे येऊन जोरात हॉर्न दिला की माणूस दचकून मागे बघतो, आणि खांद्यावरून मागे बघताना हँडल त्याच बाजूला वळतं, म्हणजे तुमच्या गाडीकडे. म्हणून मी गाडीत असतो तेव्हा दोन-तीन गाड्यांचं अंतर ठेवून मागे राहतो, शेजारची लेन मोकळी झाली की दुसऱ्या गाडीला करतो तसा पूर्ण लेन बदलून ओव्हरटेक करतो, आणि आतल्या आरशात अख्खी सायकल चाकांसकट दिसल्यावरच परत लेनमध्ये येतो. तोवर ताशी ५० ऐवजी २० ने तीनशे मीटर जावं लागलं तर साधारण ३२ सेकंद जास्त जातात. पुढचा सिग्नल लाल असेल तर तेवढेही नाहीत.