राज्य सरकारची दहशतवादविरोधी तयारी कितपत पक्की आहे, हे बाहेरच्या माणसाने कसं जोखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: दर बजेटमध्ये गृहखात्यासाठी नवे कॅमेरे, नव्या गाड्या, नवं पथक जाहीर होतं, पण अंतर्गत सुरक्षेचं आणि दहशतवादविरोधी नियोजन खरंच चांगलं आहे का, हे सामान्य नागरिकाने कशावरून ठरवायचं?

मी नागपूरचा. सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात झाली आणि त्यातली बरीच वर्षं पोलीस खात्याचे हिशेब तपासण्यात गेली. तेव्हा हे उत्तर शस्त्रांच्या जाणकाराचं समजू नका. कागद हातात घेऊन जागेवर जाणाऱ्या आणि दोन्ही ताडून पाहणाऱ्या माणसाचं हे उत्तर आहे. माझं मत असं की काय विकत घेतलं याने फारसं काही कळत नाही. घेतलेली वस्तू शेवटच्या शिपायाच्या हातात पोचली का, आणि गेल्या वर्षभरात त्याने ती वापरून पाहिली का, हे विचारलं की नियोजनाचा कस लागतो.

आधी जबाबदारी कोणाची ते पाहू. घटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्य सूचीच्या पहिल्या दोन नोंदी ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ याच आहेत. केंद्राकडे गुप्तवार्ता विभाग आहे, २००८ च्या कायद्याने आलेली एनआयए ही तपास यंत्रणा आहे, एनएसजी हे कमांडो दल आहे. पण घटना घडते तिथे पहिला पोचतो तो जवळच्या ठाण्याचा पोलीस. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. दिल्लीजवळच्या मानेसरहून निघालेले एनएसजीचे जवान प्रत्यक्ष कारवाईला लागेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली होती. मधली रात्र मुख्यतः मुंबई पोलिसांनी काढली. त्यानंतर एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं, राज्याने २००९ मध्ये स्वतःचं फोर्स वन हे कमांडो पथक उभं केलं, हे चांगलंच झालं. तरीही नागपूर, अकोला किंवा नांदेडला मुंबईहून कुमक यायची म्हटली तर मधले काही तास उरतातच. राज्याचं नियोजन तपासायचं म्हणजे मुख्यतः ते तास तपासायचे.

त्या हल्ल्यानंतर माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची दोन सदस्यांची समिती नेमली गेली. तिच्या निष्कर्षांतली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. धोक्याच्या सूचना येत होत्या. आणीबाणीत कोणी कुठे उभं राहायचं, कोणी आदेश द्यायचे, याची कार्यपद्धतीही लिहून ठेवलेली होती. पण सूचनेचा बंदोबस्त झाला नाही, आणि लिहिलेली कार्यपद्धती त्या रात्री पाळली गेली नाही. शीघ्र कृती दलाला दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे गोळीबाराचा पुरेसा सराव मिळालेला नव्हता, हेही समितीने नोंदवलं. म्हणजे दल होतं, शस्त्रं होती, योजना होती. सराव तेवढा नव्हता. आणि त्याच रात्री कामाला आली ती गिरगाव चौपाटीवरची नाकाबंदी. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, म्हणून तो जिवंत सापडला. नाकाबंदी ही पोलिसांना रोजच्या सवयीची गोष्ट. जे रोज करतात ते त्या रात्री जमलं.

नागपूरचा अनुभवही याच अंगाने जातो. १ जून २००६ च्या पहाटे महाल भागातल्या संघ मुख्यालयाच्या दिशेने लाल दिव्याची पांढरी अँबॅसडर आली, आत पोलिसांच्या वेषातले तिघे. पोलिसांनी सांगितलेल्या घटनाक्रमानुसार गस्तीवरच्या पथकाला संशय आला, पाठलाग झाला, चकमकीत तिघेही मारले गेले. महालातल्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना कळेल की तिथे पहाटे अनोळखी गाडी ओळखायला महागडी यंत्रणा लागत नाही. त्या भागातली रोजची वर्दळ ठाऊक असलेला, जागा असलेला आणि थकलेला नसलेला माणूस लागतो. म्हणून मी मंजूर पदं आणि प्रत्यक्ष भरलेली पदं यांचा तक्ता सगळ्यात आधी उघडतो. पोलीस संशोधन व विकास ब्युरो दरवर्षी राज्यवार आकडे छापतो, ते कोणालाही पाहता येतात. त्यात एकूण संख्येवर थांबू नका. मुंबई-पुण्याबाहेरच्या ठाण्यांत किती जागा रिकाम्या, व्हीआयपी बंदोबस्ताला किती माणसं अडकलेली, हे जिल्ह्याकडून मागा.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. विदर्भातल्या एका जिल्हा मुख्यालयात आम्ही संयुक्त पाहणी करत होतो. साठा नोंदवहीत बुलेटप्रूफ जॅकेटं ‘वितरित’ दाखवलेली. भांडारात गेलो तर त्यांतली बरीचशी कपाटावर एकावर एक रचून ठेवलेली, काहींचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. ज्या ठाण्यांच्या नावावर ती चढली होती, तिथून कोणी न्यायला आलंच नव्हतं. भांडार सांभाळणाऱ्या हवालदारांना विचारलं तर ते म्हणाले, “साहेब, मे महिन्यात हे घालून पॉइंटवर चार तास कोण उभं राहील? आणि यातले अर्धे तर आमच्या पोरांच्या मापाचेच नाहीत.” त्यांचं म्हणणं खरं होतं. ४५ अंशांत जड जॅकेट घालून उभं राहायचं तर ड्यूटी दोन-दोन तासांत बदलावी लागते, त्यासाठी जास्त माणसं लागतात, आणि ती नाहीत. खरेदीचा कागद पूर्ण होता: निविदा, तपासणी, पावती, उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं व्यवस्थित. मंत्रालयात त्या जिल्ह्याची तयारी पूर्ण दिसत होती. आणि या जॅकेटांना आयुष्य असतं. न वापरताही ती मुदतबाह्य होतात, मग पुन्हा खरेदी. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण ही चूक एका कोणाच्या आळसाची नव्हती. कोणी शेवटपर्यंत मागोवाच घेतला नव्हता.

असाच मागोवा कॅमेऱ्यांचा घ्यावा लागतो. २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईसाठी ठरलेल्या सीसीटीव्ही प्रकल्पाचं कंत्राट निविदांच्या घोळात २०१५ पर्यंत लांबलं आणि काम २०१६ मध्ये पूर्ण झालं. घोषणा आणि पूर्तता यांच्यातलं हे अंतर हाच नियोजनाच्या दर्जाचा एक आकडा आहे. कोणत्याही शहराबद्दल विचारताना किती कॅमेरे बसवले हे सोडा. आज सकाळी किती चालू होते, बंद पडलेला किती दिवसांत दुरुस्त होतो, देखभालीचा करार कधी संपतो, हे विचारा. आणीबाणीच्या ११२ क्रमांकाचंही तसंच. त्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि पर्यायी केंद्र नागपुरात आहे. पर्यायी केंद्राचा अर्थ तेव्हाच आहे, जेव्हा मुख्य केंद्र मुद्दाम बंद करून सगळा भार इकडे टाकून पाहिला जातो. तशी चाचणी होते का, कधी झाली, हा प्रश्न आमदारांनी विचारण्यासारखा आहे.

नियोजन चांगलं झाल्याचं उदाहरण द्यायचं तर मी गडचिरोलीचं देईन. १९९० मध्ये तिथे सी-६० हे नक्षलविरोधी पोलीस पथक उभं राहिलं, स्थानिक पोरांना घेऊन, ज्यांना गोंडी-माडिया बोलता येते आणि जंगल पायाखालचं आहे. नागपूरजवळ सुराबर्डीला त्यासाठी प्रशिक्षण केंद्र उभं केलं गेलं. २००९ मध्ये १ फेब्रुवारीला मरकेगावला १५ आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीला १७ पोलीस मारले गेले, तरी सरकार कोणाचंही असो, ही दिशा कायम राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, त्यामागे इतर कारणं आहेतच, पण ही साडेतीन दशकांची चिकाटीही आहे. मात्र याच जिल्ह्यात १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि चालक गेले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली होती, पथक खासगी गाडीने तिकडे निघालं होतं. जाळपोळ करून पोलिसांना रस्त्यावर ओढायचं, ही नक्षलवाद्यांची जुनी रीत. रस्ता तपासल्याशिवाय गाडीने जायचं नाही, हा नियमही जुनाच. चांगल्या दलातही शिस्त एका सकाळी सुटू शकते, म्हणून प्रत्येक घटनेनंतर चौकशी काय म्हणाली आणि पुढच्या सहा महिन्यांत काय बदललं, हे पाहावंच लागतं.

नागपूरच्या माणसाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं असं मला वाटतं, कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं: स्फोटकांचा हिशेब. देशभरातल्या स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. अमरावती रोड, काटोल रोड या पट्ट्यात स्फोटकांचे कारखाने आहेत. खाणी आणि विहिरींसाठी माल रोज बाहेर पडतो. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले. तो अपघात होता, पण आपल्या आसपास काय साठवलेलं असतं हे त्याने दाखवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ उभ्या केलेल्या गाडीत जिलेटिनच्या २० कांड्या सापडल्या, त्यांच्या आवरणावर नागपूरच्या कारखान्याचं नाव होतं. कारखान्यातून परवानाधारक विक्रेत्याकडे गेलेली कांडी पुढे कुठे गेली, हे कळणं तिथेच अवघड होतं. त्या प्रकरणात एनआयएने अटक केलेला आरोपी मुंबई पोलिसांतलाच अधिकारी निघाला, तेव्हा खात्यातल्या माणसांवरची नजर हाही नियोजनाचाच भाग धरा. अमोनियम नायट्रेटसाठी २०१२ चे वेगळे नियम आहेत. परवाना कोणीही दिलेला असो, गोदामावर जाऊन साठा मोजायचा अधिकार आणि कर्तव्य जिल्ह्याचं, पोलिसांचंही. त्या भेटी ठरल्याप्रमाणे होतात का, हे मला कुठल्याही कमांडो प्रात्यक्षिकापेक्षा मोलाचं वाटतं.

शेवटचा निकष लोकांना चटकन सुचत नाही: न्यायालय. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना शिक्षा दिली, त्यांतल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्यांतले दोघे आपल्या नागपूरच्या कारागृहातून बाहेर पडले. एक जण निकालाआधीच २०२१ मध्ये तिथे कोरोनाने वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातले सातही आरोपी सुटले. दोन्ही प्रकरणांचा धर्म किंवा पक्ष बाजूला ठेवून पाहा. एवढ्या वर्षांनी मेलेल्यांच्या घरच्यांना कोणी केलं याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि काही माणसांचं तारुण्य तुरुंगात गेलं. पंचनामा नीट, नमुने वेळेत प्रयोगशाळेत, कबुलीजबाबावर कमी भिस्त, हे नसेल तर कडक कायदा उपयोगाचा नाही. म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किती नमुने प्रलंबित आहेत आणि तिथली किती पदं रिकामी आहेत, हे मी दहशतवादविरोधी नियोजनाचाच आकडा मानतो. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला तपास आणि बंदोबस्त वेगळे करायला सांगितलं, अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं एका जागी ठेवायला सांगितलं. तुमच्या जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत किती अधीक्षक बदलले, ते मोजून पाहा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पोलीस आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० पासून चालू आहे, आपल्या राज्यासाठी वाटा ६०:४० आहे. तरतूद पाहू नका, खर्च पाहा, आणि तोही मार्चमध्ये किती झाला ते. ३१ मार्चच्या तोंडावर पैसा एखाद्या महामंडळाच्या खात्यात वळता केला की कागदावर खर्च झालेला दिसतो. वस्तू दोन वर्षांनी येते. कॅगचे, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल विधिमंडळात ठेवले गेले की संकेतस्थळावर येतात, फुकट वाचता येतात. त्यानंतर विधिमंडळाच्या लोकलेखा समितीने त्यावर काय विचारलं आणि खात्याने काय उत्तर दिलं, ते शोधा.

‘हे सगळं गोपनीय असतं, सांगणार नाहीत’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. कोणावर पाळत आहे, कोणती माहिती कुठून आली, हे गोपनीय असलंच पाहिजे, आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४(४) खाली राज्याला तशा विभागांना वगळताही येतं. पण ठाण्यातली रिक्त पदं, जिल्ह्यातल्या मॉक ड्रिलच्या तारखा आणि त्यानंतरचा त्रुटी अहवाल लिहिला गेला का, जवानांचा वार्षिक गोळीबार सराव किती जणांचा झाला, मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत एकाच वेळी शंभर जखमी आले तर काय करायचं याची रंगीत तालीम कधी झाली, यात शत्रूला उपयोगी असं काही नाही. एका अर्जात एकाच कार्यालयाला विचारा, कालावधी नेमका लिहा, ‘प्रत द्या’ असं मागा, ‘कारण सांगा’ असं विचारू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, आणि त्याची प्रत तुमच्या आमदारांना हिवाळी अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या, कारण तारांकित प्रश्न त्यांना कित्येक आठवडे अगोदर पाठवावे लागतात.